साक्षीदारांच्या मागे

मृत्युपत्राइतका चमत्कारिक दस्तऐवज व्यवहारात दुसरा नसेल. खरेदीखत, गहाणखत, भाडेचिठ्ठी यांचा वाद पडला तर लिहून देणाऱ्याला बहुधा समोर उभे करून विचारता येते, 'बाबा, हे तूच लिहिलेस ना?' मृत्युपत्राचे तसे नाही. लिहिणारा जिवंत आहे तोवर त्या कागदाला किंमत नसते, कारण उद्या सकाळी तो फाडून टाकण्यास तो मुखत्यार असतो. आणि ज्या घडीला कागदाला किंमत येते त्याच घडीला त्याचा लेखक सर्व प्रश्नांच्या पलीकडे गेलेला असतो. १९५८ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हैसूरकडील एका मृत्युपत्राच्या खटल्यात निकाल दिला, तो न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. मृत्युपत्र हे कर्त्याच्या मरणानंतर बोलू लागते, आणि हे आपलेच आहे की नाही हे सांगावयास तो मात्र नसतो, ही अडचण त्यांनी त्या निकालात स्पष्ट मांडली. आजही मृत्युपत्राचा वाद उभा राहिला की वकील प्रथम त्या निकालाकडे वळतात.

ही अडचण ओळखूनच कायद्याने साक्षीदार मागितले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे ६३ वे कलम म्हणते की, मृत्युपत्रावर कर्त्याची सही अगर निशाणी हवी आणि निदान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने कर्त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा 'ही सही माझी' असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि प्रत्येकाने कर्त्याच्या समक्ष आपली सही करावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत, असा मात्र आपल्याकडे आग्रह नाही. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यात तो आहे. त्याआधी १६७७ च्या कायद्याने तर जमिनीच्या मृत्युपत्राला तीन-चार साक्षीदार सांगितले होते. पुढे खटला झालाच तर, निदान एक साक्षीदार हयात असून न्यायालयाच्या हाताशी असला की, त्याला पिंजऱ्यात उभे केल्यावाचून मृत्युपत्र पुराव्यात वाचता येत नाही. तात्पर्य, मेलेल्याच्या तोंडाच्या जागी कायद्याने दोन जिवंत माणसांचे डोळे बसविले.

परंतु डोळेही मर्त्यच असतात. माणूस मृत्युपत्र करतो ते उतारवयात, आणि साक्षीला बोलावतो ते आपल्या विश्वासातल्या माणसांना. विश्वास जुन्या ओळखीतून येतो, आणि जुनी ओळख म्हणजे बहुधा आपल्याच वयाची माणसे. म्हणून असे नेहमी घडते की, कर्ता जातो, त्याच्या मागोमाग पाचदहा वर्षांत दोन्ही साक्षीदारही जातात, आणि कागद तेवढा ट्रंकेच्या तळाशी राहतो. साक्षीदार परगावी जाऊन नाहीसा होतो, त्याला भ्रम होतो, कधी विरुद्ध पक्ष त्याला फितवितो. अशा वेळी त्या कागदाचे काय करावयाचे, हा वकिलांचा प्रश्न म्हणून सोडून देता येईल. मला तो त्याहून अधिक वाटतो. मेलेल्या माणसाच्या शब्दावर आपण कशाच्या बळावर विश्वास ठेवतो, आणि विश्वास ठेवणे आपल्या तोट्याचे असेल तेव्हाही ठेवतो का, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

मी राहतो त्या हर्सूलचेच उदाहरण घेतो, कारण तेथे या प्रश्नाशी माझा थोडा संबंध आला. औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दिल्ली दरवाजातून बाहेर पडून जळगावच्या रस्त्याला लागले की आमचे गाव येते. परगावच्या माणसाला हर्सूल म्हटले की तुरुंग आठवतो, शहरातल्या जुन्या माणसाला तलाव आठवतो, आणि आम्हाला हरसिद्धीचे देऊळ. एकेकाळी हे शहराबाहेरचे शेतीचे गाव होते. पुढे शहराची हद्द आमच्या बांधावरून चालत पलीकडे गेली, जी जमीन एकरावर मोजली जाई ती गुंठ्यावर आणि मग चौरस फुटांवर मोजली जाऊ लागली, आणि घराघरांच्या ट्रंकांतले जुने कागद वर आले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि दप्तर उर्दूत होते, त्यामुळे आमची जुनी माणसे मृत्युपत्राला अजून वसीयतनामाच म्हणतात. न्यायालयाकडून मृत्युपत्र खरे ठरवून घेण्याची जी 'प्रोबेट'ची रीत, तिची सक्ती मुंबईसारख्या इलाखा शहरांपुरती होती. हर्सूलला ती कधीच नव्हती. येथे मृत्युपत्र प्रथम तलाठ्यापुढे फेरफारासाठी जाई, आणि कोणी हरकत घेतली की दिवाणी न्यायालयात. मात्र मार्ग कोणताही असो, पुरावा तोच लागतो.

गावातल्या एका शेतकऱ्याने तीसएक वर्षांपूर्वी साध्या कागदावर मृत्युपत्र केले. दोन मुले, पैकी धाकटा अकाली गेलेला. म्हाताऱ्याचे शेवटचे दुखणे धाकट्या सुनेने काढले. आपल्या कमाईतून घेतलेले तलावाकडचे शेत त्याने तिच्या नावाने लिहून दिले. मृत्युपत्र नसते तर त्यात निम्मा वाटा थोरल्याचा होता. साक्षीला आमच्या शाळेचे हेडमास्तर आणि गावातले एक वैद्य. म्हातारा गेल्यावर सून शेत कसू लागली, थोरल्याने तेव्हा काही म्हटले नाही, आणि वर्षे गेली. पुढे शेताला भाव आला, वाटणीचा दावा दाखल झाला, आणि सुनेने कागद बाहेर काढला तेव्हा हेडमास्तर नव्हते, वैद्यही नव्हते, आणि कागद लिहिणारा कोण होता हे कोणाला आठवत नव्हते.

'कागद तीस वर्षांचा जुना आहे, त्याला आणखी पुरावा कशाला?' असे पारावर कोणीतरी म्हणाले. तीस वर्षे झालेला दस्तऐवज योग्य हातून आला तर तो खरा धरता येतो, असा नियम आहे खरा. पण तो मृत्युपत्राला लागत नाही. बंगालमधील १९२९ सालच्या एका मृत्युपत्राच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे पुन्हा एकदा निक्षून सांगितले. कागद नुसता पिवळा पडल्याने खरा होत नाही. मग वाट उरते ती एकच. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ६९ व्या कलमात ती होती, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६८ व्या कलमात ती आहे. जुन्या कलमात विलायतेत झालेल्या दस्तऐवजांचाही उल्लेख होता, तो तेवढा आता गळाला. ती वाट अशी: सही करणारा एकही साक्षीदार मिळत नसेल, तर निदान एका साक्षीदाराची सही त्याच्याच हस्ताक्षरातली आहे आणि कर्त्याची सही कर्त्याच्याच हस्ताक्षरातली आहे, एवढे सिद्ध करावे.

म्हाताऱ्याची सही सोसायटीच्या कर्जरोख्यांवर सापडली. हेडमास्तरांच्या सहीसाठी वकीलसाहेब माझ्याकडे आले. मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षे शिकविले होते. हजेरीपटावर रोज त्यांची सही पाहिली होती, आणि माझ्या सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीत माझ्या वेतनवाढीच्या नोंदींखाली त्यांचीच सही आहे. ज्याने एखाद्याला लिहिताना पाहिले आहे किंवा ज्याच्याकडे त्याचे लिखाण कामकाजाच्या ओघात येत असे, त्याचे हस्ताक्षराविषयीचे मत कायदा ऐकून घेतो. अशा रीतीने साक्षीदाराचा साक्षीदार होण्याची पाळी माझ्यावर आली.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी थोरला माझ्याकडे आला. तो माझा विद्यार्थी. चहा झाला, पावसाचे बोलणे झाले. मग तो म्हणाला, "गुरुजी, सही होताना तुम्ही काय तिथं नव्हते. तेवढंच सांगा, जास्त काही नको."

मी विचारले, "अरे, सही हेडमास्तरांची नाही असं तुला वाटतं का?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांचीच हाये की. मला काय ठाऊक नाही का? आबांनीच दिलंय ते. पण गुरुजी, शाबीत कुठं होतंय?"

माणूस वाईट नव्हे. त्याने बापाची सही खोटी आहे असे शपथेवर म्हटले नव्हते. दाव्यात एवढेच होते की मृत्युपत्र मान्य नाही, ते सिद्ध करावे. कायद्याने त्याला तसे म्हणण्याचा अधिकार आहे. आणि त्याने मला जे सांगावयास सांगितले तेही अक्षरशः खरेच होते. मी तेथे नव्हतो. परंतु त्याचे ते शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक असणे आणि ती शाबीत होणे या दोहोंमध्ये एक फट असते. त्या फटीत शेत मावते, हे मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी साक्ष झाली. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी विचारले, "आपण हस्ताक्षरतज्ज्ञ आहात काय?" मी म्हणालो, "नाही, मी त्यांचा सहकारी होतो." "सही होताना आपण हजर होता काय?" "नाही." "मग मयताने ही सही साक्षीदारासमक्ष केली की नाही, हे आपल्याला सांगता येणार नाही?" "येणार नाही." तिन्ही उत्तरे खरी होती. सही हेडमास्तरांची आहे, हे माझे उत्तरही खरे होते. न्यायाधीशांनी सगळे लिहून घेतले.

घरी येताना मी विचार करीत होतो की, मी नेमके काय सिद्ध केले? एक माणूस काही वर्षांपूर्वी एका कागदावर आपले नाव लिहून गेला, एवढेच. त्याने काय पाहिले हे मी पाहिलेले नाही. पाणिनीने 'साक्षी' या शब्दाची व्युत्पत्ती साक्षात पाहणारा अशी लावली आहे. त्या अर्थाने मी साक्षी नव्हेच. तरी कायदा माझ्या एवढ्याशा उत्तरावरून केवढी उडी घेतो! २०२० मध्ये तमिळनाडूकडील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोन्ही साक्षीदार मयत असतील तेव्हा त्यांपैकी एकाची सही त्याच्या हस्ताक्षरातली आहे एवढे सिद्ध झाले की साक्षीदारांपुरता पुरावा पुरा होतो. त्याने कर्त्याला प्रत्यक्ष पाहिले होते का, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. ही उडी कशाच्या जोरावर?

माझ्या मते ती माणसाच्या चारित्र्याच्या जोरावर आहे. 'समक्ष' या शब्दाखाली एखाद्याने सही केली याचा अर्थ त्याने 'मी पाहिले' असे म्हटले. तो खोटे बोलला असेल असे मानण्यास कारण दिसेपर्यंत तो खरे बोलला असे आपण धरतो. आमचे हेडमास्तर रजेच्या अर्जावर तारीख चुकलेली दिसली तर अर्ज सहीवाचून परत करीत. त्यांच्या सहीचा आम्हाला कधी कधी राग येई, इतकी ती सावकाश आणि वाचून होत असे. न्यायालयाला यातले काही ठाऊक नव्हते, मला होते. साक्षीदार मेल्यावर त्याचे डोळे उरत नाहीत, पण ते नेहमी कसे पाहत असत, याची आठवण लोकांत काही काळ उरते. कायदा नाव घेत नसला तरी त्या आठवणीच्या आधारावरच तो उभा असतो. जेथे लोक न वाचता आणि न पाहता सह्या ठोकतात, तेथे ६८ वे कलम पुस्तकात राहील, पण त्याला पायाच उरणार नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा मोठ्या बारकाईने विचार केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृती लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन प्रमाणे सांगते. भुक्ती म्हणजे वहिवाट. यांपैकी काहीच नसेल तर मग दिव्य. त्याच स्मृतीत असेही आहे की, स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख साक्षीदारांवाचूनही प्रमाण मानावा, मात्र तो जबरदस्तीने किंवा कपटाने करवून घेतलेला नसावा. आणि लेखाबद्दल संशय आला तर त्याच माणसाच्या इतर हस्ताक्षराशी ताडून पाहावा. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी. फ्रान्सच्या दिवाणी संहितेतही संपूर्ण स्वहस्ते लिहून, तारीख घालून सही केलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाही. आपला आजचा कायदा मात्र स्वहस्ताक्षरालाही दोन साक्षीदार मागतो. इतकेच काय, मुंबई शहर सोडून बाकी ब्रिटिश महाराष्ट्रात १९२६ अखेरपर्यंत हिंदूला तोंडी मृत्युपत्रही करता येत असे. आणि आमच्या गल्लीतल्या मुसलमान शेजाऱ्याला आजही तोंडी वसीयत करता येते; फक्त वारसांची संमती नसेल तर ती मालमत्तेच्या एक तृतीयांशापलीकडे चालत नाही. म्हणजे एकाच गल्लीत एका घरी मरणाऱ्याचा शब्द पुरतो, आणि शेजारच्या घरी शब्द, कागद आणि दोन माणसे असूनही शंका उरते. यावरून एवढे दिसते की, दोन साक्षीदार ही सत्याची अट नसून सावधगिरीची एक रीत आहे. रीत बदलते. मेलेला माणूस खरोखर काय म्हणाला, ही गोष्ट तिच्याबरोबर बदलत नाही.

कागदाचा संशय आणि वारसांची वृत्ती या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे पाहावयाचे तर आमच्यापासून फार दूर जावे लागत नाही. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरला वारला आणि खुलताबादेत पुरला गेला. त्याचे म्हणून एक मृत्युपत्र फारसीत उपलब्ध आहे. जदुनाथ सरकारांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे आपल्या कफनाला खर्च करावे, कुराणाच्या नकला करून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटावे, असे त्यात आहे. त्याला साक्षीदार कोणी नाही. खुलताबादची कबर उघड्या आभाळाखाली, साधी आहे. हीच त्याची 'भुक्ती' असे कोणी म्हणेल. पण कबर साधी पाहून मागाहून कोणी कागद रचला नसेल कशावरून, असेही दुसरा विचारील, आणि दोघांचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. राज्याची मुलांत वाटणी सांगणाराही एक कागद त्याच्या नावावर दाखवितात. तो खरा की खोटा हा वाद इतिहासकारांनी करावा. मुलांनी मात्र तो वाद केलाच नाही. बाप गेला त्याच वर्षी जाजाऊच्या रणात भाऊ भावावर चालून गेला आणि आझमशाह मारला गेला. त्या कागदावर शंभर साक्षीदारांच्या सह्या असत्या तरी ते रण टळले असते असे मला वाटत नाही. पुराव्याची उणीव वारसांना भांडावयास लावते, हे पुष्कळदा उलटे असते. भांडावयाचे ठरल्यावर मग पुराव्याची उणीव दिसू लागते.

येथे कायद्याची बाजूही मांडली पाहिजे. न्यायालयाने कडक असावे की नाही? अवश्य असावे. २००२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला भोईर विरुद्ध कदम हा खटला आपल्याच राज्यातला. तेथे मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी एकच बोलाविला गेला, आणि दुसऱ्याच्या सहीबद्दल त्याला सांगता येईना. तो दुसरा उपलब्ध असूनही त्याला आणले गेले नव्हते. न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध झाले नाही असे ठरविले. ज्याला हयात साक्षीदार आणणे शक्य आहे त्याने तो न आणता सवलत मागावी, हे न्यायालयाने मानले नाही, आणि ते बरोबरच झाले. मेलेल्याच्या नावावर खोटे कागद करणे इतके सोपे आहे, आणि म्हाताऱ्या माणसाचा हात धरून सही घेणारे इतके आहेत, की कडकपणावाचून गत्यंतर नाही. न्यायाधीश परका असतो. त्या घरात तो कधी गेलेला नसतो, त्या म्हाताऱ्याचे खोकणे त्याने ऐकलेले नसते. म्हणून पुरावा मागणे हा त्याचा धर्म आहे.

परंतु मुलगा परका नसतो. पुराव्याचा नियम अजाणासाठी केलेला आहे. जाणत्याने त्याच्या आड उभे राहणे म्हणजे आंधळ्यासाठी ठेवलेली काठी डोळसाने पळविणे होय. न्यायालय 'सिद्ध झाले नाही' असे म्हणते तेव्हा ते आपले अज्ञान प्रामाणिकपणे कबूल करीत असते. जाणणारा वारस तेच शब्द उच्चारतो तेव्हा तो दुसऱ्याचे अज्ञान आपल्या कामाला जुंपतो. साक्षीदार मेले म्हणून न्यायाधीशाची जबाबदारी कदाचित हलकी होत असेल. वारसाची उलट वाढते, कारण आता त्या शब्दाचा जाणकार तो एकटाच उरलेला असतो. साक्षीदारांच्या मागे खरा साक्षीदार तोच.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, माणसाला आपल्याला ठाऊक आहे असे वाटते ते नेहमी खरे असतेच असे नाही. म्हाताऱ्यावर दडपण आले नसेल कशावरून? शेवटच्या दुखण्यात त्याची बुद्धी ठिकाणावर होती कशावरून? अशी शंका मनात खरोखर असेल तर वारसाने खुशाल भांडावे. ते त्याचे कर्तव्यही ठरेल. फक्त शंका खरी आहे की सोयीची, हे त्याने स्वतःपुरते तपासावे. त्याची एक साधी रीत आहे. कागदातली नावे मनातल्या मनात अदलाबदल करावी. हेच शेत, हाच कागद, ह्याच सह्या, पण नाव माझे असते, तर मी या सहीवर विश्वास ठेवला असता का? ठेवला असता, तर आता ठेवावयास काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मेलेल्याची इच्छा आपण पाळावीच का? त्याला आता ना सुख ना दुःख. थॉमस जेफर्सनने १७८९ साली मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात पृथ्वी ही जिवंतांच्या वहिवाटीची आहे, तिच्यावर मेलेल्यांची सत्ता नाही, असा विचार मांडला. मला तो पुष्कळ अंशी पटतो. मेलेल्याने शंभर वर्षे पुढच्यांचे हात बांधून ठेवावेत हे मलाही मान्य नाही. खरे मृत्युपत्र न्याय्य असतेच असेही नाही. प्रोबेट देणारे न्यायालयसुद्धा कागद मयताचा आहे एवढेच सांगते, मालकी कोणाची किंवा वाटणी योग्य की अयोग्य हे सांगत नाही. पण आमच्या हर्सूलच्या प्रकरणात एक गोष्ट विसरता येत नाही. ती सूनही जिवंतच आहे. सासऱ्याच्या शब्दावर तिने माहेरी परत न जाता त्या शेतात वर्षे काढली, विहीर दुरुस्त केली, मुलगी शिकविली. शब्द मेलेल्याचा असला तरी त्यावर बांधलेले आयुष्य जिवंत माणसाचे आहे. मृत्युपत्र मोडले तर म्हाताऱ्याचे काहीच जात नाही. जाते ते तिचे. आणि ज्यांना आज आपला म्हातारा बाप दिवसरात्र उचलावा लागतो आहे अशा दहा घरांत दुसऱ्या दिवशी लोक मनात म्हणतात, 'तोंडच्या शब्दावर काय जायचं?' गावाचा विश्वास असा थोडा थोडा खर्च होतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. साक्षीला आपल्याहून वीस वर्षांनी लहान माणूस घ्यावा. सहीखाली त्याचे पूर्ण नाव आणि पत्ता असावा. जमल्यास एक साक्षीदार डॉक्टर असावा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण करता येते. मोहोरबंद पाकिटात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. नोंदणी झाली म्हणजे ते आपोआप सिद्ध झाले असे मात्र नव्हे. वाद पडला की साक्षीदार पाहिजेतच. हे सर्व अवश्य करावे. छत्री घेऊन निघावे तसे. म्हणून पाऊस थांबतो असे नाही.

सुमारे दोन वर्षांनी निकाल लागला. न्यायालयाने दोन्ही सह्या सिद्ध धरल्या आणि शेत सुनेकडे राहिले. मला बरे वाटले. पण संपूर्ण समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण पुष्कळ दिवस कळेना. ते असे आहे. माझी सेवापुस्तकाची प्रत वाळवीने खाल्ली असती, किंवा हेडमास्तरांच्या हाताखाली काम केलेला मीही तोवर गेलो असतो, तर तोच कागद असिद्ध ठरला असता. न्यायाधीश तेच, कायदा तोच, म्हाताऱ्याची इच्छा तीच. आणि निकाल उलट. न्यायालयाचा त्यात दोष नसता. एका बाईचे शेत वाळवीच्या मर्जीवर असावे, ही गोष्ट कोणत्याही कायद्याला पूर्णपणे टाळता येणार नाही. ती टाळणे एकाच माणसाच्या हाती होते, आणि तो माझ्याकडे चहा पिऊन गेला होता.

त्याच्याशी माझे बोलणे अजून आहे. निकालानंतर एकदा तो देवळापाशी भेटला आणि सहज म्हणाला, "गुरुजी, हेडमास्तरांची सही लईच ठळक असायची." मी हो म्हटले. दोघांनी दर्शन घेतले आणि आपापल्या वाटेने गेलो. त्याने अपील केले नाही. मुदत टळली म्हणून, वकिलाने नको म्हटले म्हणून, की आणखी कशाने, हे मी विचारले नाही. तेवढे एक कोणत्याही कोर्टाला त्याच्याकडून शाबीत करून घेता येणार नाही. अलीकडे कोणी मला साक्षीला बोलावले की मी जातो, कागद सावकाश वाचतो, सही करणाऱ्याला दोन प्रश्न विचारतो, आणि मग माझे नाव पूर्ण व स्वच्छ अक्षरात लिहितो. वेळ लागतो म्हणून तरुण माणसे कुरकुर करतात. पुढे कधीतरी त्यांच्यापैकीच कोणाला ते अक्षर ओळखावे लागेल.